ऑल्डर रस्त्यामागची नऊ एकर

मी, ऑर्विन टेस्मर, वय वर्षे ८१, राहणार केलर्स बेंड, विस्कॉन्सिन, निवृत्त हार्डवेअर दुकानदार आणि शहराच्या नियोजन समितीचा माजी अध्यक्ष, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डोके शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे; हृदयाची हमी ते देत नाहीत. मंगळवारी माझी छाती उघडणार आहेत. गुरुवारी नगरपालिकेत माझ्याच जमिनीवर जनसुनावणी आहे आणि मालकाची संमती जोडायला तोवरच मुदत आहे. मी त्या टेबलावरून उठलो नाही तर मालक कोण, हे ठरवायला हा कागद. दबाव नाही असे लिहायची पद्धत आहे. दबाव आहे. त्याला न जुमानता लिहीत आहे.

१. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

२. राहते घर, बँकेतील ठेवी, पिकअप गाडी, दुकानातली हत्यारे आणि किल्ल्या बनवायचे यंत्र माझा मुलगा वेंडेल याला. यंत्राला दर महिन्याला तेल लागते. तो विसरेल, म्हणून लिहिले.

३. लेन ओस्टबी याने गेली पंधरा वर्षे बारमध्ये बसून सांगितले, की मी शीतगृहाच्या कंपनीकडून लाचेचे पाकीट घेतले. त्याला समितीच्या चोवीस वर्षांच्या इतिवृत्तांच्या माझ्या प्रती द्याव्यात. सापडले पाकीट तर त्याचेच.

४. आता जमीन. ऑल्डर रस्त्यावरची घरे आणि महामार्ग यांच्यामधली नऊ एकर वेंडेलला मिळणार नाही. कारण सांगणे भाग आहे.

२००६ साली कागदाची गिरणी बंद पडली. शहराच्या घरपट्टीचा तिसरा हिस्सा ती एकटी भरत होती. तो भार घरांवर आला. पेन्शनवर जगणारी माणसे घरे विकायला काढू लागली, वाचनालय आठवड्यातून तीन दिवसांवर आले. अशात एका शीतगृह कंपनीने ऑल्डर रस्त्याच्या टोकाचे माळरान मागितले. ते निवासी पट्ट्यात होते. औद्योगिक करायला समितीची मंजुरी हवी होती. शेजारचे शहरही त्याच कंपनीच्या मागे होते.

सुनावणीला माझी थोरली बहीण हेडविग उभी राहिली. रस्त्यावरचे शेवटचे घर तिचे. ती म्हणाली, "अध्यक्षमहाराज, ट्रक माझ्या खिडकीखाली घुरघुरत उभे राहणार. तुमच्या खिडकीखाली काय उभं राहणार आहे?"

बोलायला तीन मिनिटे असतात. मी म्हणालो, "बाई, तुमची वेळ संपली." सख्ख्या बहिणीला मी बाई म्हणालो.

मते तीन विरुद्ध तीन पडली. मी बाजूने हात वर केला.

घरपट्टी उतरली. वाचनालय पुन्हा सहा दिवस उघडले. हेडविग त्यानंतर मरेपर्यंत, अकरा वर्षे, पडदे ओढून त्याच घरात राहिली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

जे तिला कधी कळले नाही ते असे. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात कंपनीचा माणूस मला म्हणाला होता, की शहराने आग्रह धरला तर घरांच्या बाजूला दोनशे फूट मोकळे सोडून मातीचा बांध घालू, झाडे लावू. मी आग्रह धरला नाही. शेजारचे शहर काहीच मागणार नाही आणि शीतगृह तिकडे जाईल, ही भीती होती. समितीलाही मी सांगितले नाही. पाकीट घेतले नव्हते. हे केले होते.

आता कंपनीला माझी नऊ एकरही हवीत; गुरुवारची सुनावणी त्याचीच. वेंडेल म्हणतो, "बाबा, कर भरणारं गिऱ्हाईक दारातून परत पाठवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?" त्याचे चूक नाही, पण तो सगळीच्या सगळी देऊन टाकील. आमचे पाद्री म्हणतात, चर्चला बागेसाठी दान करा. चर्चला घरपट्टी माफ असते. मी पुण्य कमवायचे आणि भरायचे शेजाऱ्यांनी, हे मला पटत नाही.

म्हणून ही जमीन हेडविगची मुलगी मार्लिस ड्रेव्हलो हिला, जी आजही आईच्याच घरात राहते. महामार्गाकडची चार एकर कंपनीला विकायची मुभा आहे, पण आधी त्यातच घरांच्या बाजूला दोनशे फूट मोकळे, मातीचा बांध आणि झाडे ही अट दस्तात नोंदवून घ्यावी. बांधाच्या अलीकडे उरलेल्या जागेत लहान घरे होऊ द्यावीत, भाड्याची का असेनात. तीही घरपट्टी भरतात.

५. वेंडेलने कोर्टात आव्हान दिले तर त्याला फक्त किल्ल्यांचे यंत्र मिळेल.

६. व्यवस्थापक म्हणून वकील ग्रेटा हॉलब्रुक यांना नेमतो. त्यांच्या सांगण्यावरून पुढचेही नोंदवतो.

काल मी मार्लिसला बोलावून वरचे सारे वाचून दाखवले, बांधाचेही. तिने विचारले, "मामा, त्या मतानंतर तुला झोप लागली?"

मी म्हणालो, "लागली. छान लागली."

ती उठून खिडकीपाशी गेली. निघून जाईल असे वाटले. तिथूनच म्हणाली, "जमीन घेते मी. गुरुवारी जाऊन बोलतेही. पण हे तुझ्यासाठी नाही करत."

हे मला मान्य आहे. कायद्याला एवढे पुरते, असे वकील सांगतात.

सही: ऑर्विन टेस्मर
स्थळ: केलर्स बेंड. दिनांक: ८ मार्च २०२४

आम्हा दोघांसमोर त्यांनी स्वतःच्या हाताने सही केली. त्यांचा हात आम्ही धरला नाही.

साक्षीदार: १. बर्निस कुबियाक, ग्रंथपाल
२. थॅडियस रोलँड, न्हावी