पाडव्याचा अहवाल

२ मार्च

टाइमटेबल आलं! दक्षिण आशियातल्या राज्यघटना — २६ एप्रिल, रविवार, सकाळी दहा. एम.ए.चं पहिलं वर्ष या एका पेपरावर अडलंय, बाकीचे देऊन झाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी परीक्षेचं टाइमटेबल भिंतीवर चिकटवायचं म्हणजे गंमतच. ह्यांना तारीख सांगितली. "सरी," म्हणाले, म्हणजे कानडीत बरं, आणि नळाचा वॉशर बदलायला गेले. मग बसवनगुडीला अण्णांना फोन करून सांगितली. अण्णा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, आमच्या घराण्याचं सुप्रीम कोर्ट. त्यांच्या कानावर घातलेलं बरं असतं. "बरं बरं," म्हणाले. मी आपली निर्धास्त.

५ मार्च

अभ्यासकेंद्रातल्या अनुषा मॅडमनी मला विषय दिला — पाकिस्तानच्या घटनेतली धोरणाची तत्त्वं. मी म्हटलं, मॅडम, एवढे देश असताना मला पाकिस्तान? त्या माझ्या मुलाच्या, आशयच्या वयाच्या. हसल्या. "वाचा तरी आंटी, ओळखीचं वाटेल."

वाचलं. वाटलं! सरकारनं कसं वागावं हे सगळं गोड भाषेत लिहून ठेवलंय. मुसलमानांना इस्लामला धरून जगता यावं याची सोय करावी. बायकांना सगळ्या क्षेत्रांत वाव द्यावा. अल्पसंख्यांकांचे हक्क सांभाळावे. व्याज शक्य तितक्या लवकर बंद करावं. न्याय स्वस्त आणि झटपट मिळावा. वाचून वाटतं, वा, काय देश! आणि सुरुवातीलाच कलम — हे पाळलं नाही म्हणून कुणाला कोर्टात जाता येणार नाही. वर आणखी, पैसाअडका असेल तसं करावं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

आपण हसायला नको. आपल्या घटनेतही असं प्रकरण आहेच, तेही कोर्टात चालत नाही. आणि घटनेपर्यंत कशाला जायचं? आमच्या लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी एकच मागितलं होतं. मुलगी बी.ए. आहे, तिचं एम.ए. होऊ द्या. आनेकलच्या शाळेतले मास्तर ते, दुसरं मागण्यासारखं त्यांच्याकडे होतं काय? मामंजी म्हणाले, "नक्की. लग्न झालं की सवडीनं." हेही शेजारी बसून मान हलवत होते.

नको असं या घरात मला एकदाही कुणी म्हटलं नाही. तेच तर! नको म्हटलं असतं तर भांडले असते.

८ मार्च

डोकं फिरलंय. अण्णांचा फोन. त्यांच्या नातवाची, हर्षची मुंज ठरली — २६ एप्रिल! आणि कुठे, तर आमच्या येलहंक्याच्या घरी, कारण अंगण मोठं आहे. मी म्हटलं, अण्णा, त्या दिवशी माझी परीक्षा आहे, मी सांगितलं होतं. ते म्हणाले, हो, आठवलं नंतर, पण गुरुजींनी तोच मुहूर्त दिला. परीक्षा काय, पुढच्या वर्षी दे.

पुढच्या वर्षी! हे दोन शब्द ऐकत माझे केस पांढरे झाले.

मग फोन अक्कांनी घेतला. कावेरीअक्का, माझी मोठी जाऊ. त्या तर अण्णांच्याही वरचढ. या वयात कसल्या परीक्षा, म्हणे. तिथे तुझ्या वयाचं कुणी असतं तरी का? वयाची अट नसते? वर्गात बसवून घेतात? मी म्हटलं, अक्का, बासष्टच्या एक बाई आहेत. त्यावर "हं" म्हणाल्या आणि ठेवला.

स्वयंपाकाला भट्ट येणार, वाढायला त्यांची माणसं. मग मी कशाला? तर घरची बाई घरात नको का! घरची बाई म्हणजे काय देव्हारा आहे, जागचा हलायचाच नाही?

ह्यांना विचारलं, तुमचं काय मत? म्हणाले, "बघू."

९ मार्च

बोलले नाही ह्यांच्याशी. उप्पीट केलं, मीठ घातलं नाही. मुकाट्यानं खाल्लं.

१३ मार्च

सापडलं! असाइनमेंट लिहिताना एक उपकलम माझ्या नजरेतून सुटलं होतं. कोर्टात जाता येत नाही, मान्य. पण दर वर्षी, तत्त्वं किती पाळली आणि किती अमलात आणली याचा अहवाल तयार करून सभागृहापुढे ठेवलाच पाहिजे, आणि त्यावर चर्चा झाली पाहिजे. असं आपल्याकडे नाही. तिथे तरी हे दर वर्षी होतं का, देव जाणे. पण कुणाच्या तरी डोक्यात आलं ना! करू नका हवं तर, पण चारचौघांत उभे राहून सांगा की केलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मीठ घातलं आणि ह्यांना म्हटलं, अहो, मी भांडत नाही. मुंजीचं तुम्ही बघा. मला फक्त अहवाल द्या. मला एम.ए. करू देण्याच्या वचनाचा, पाडव्याला, सगळ्यांसमोर. "एवढंच?" म्हणाले. "अर्धं पान लिहितो, स्वल्प काम आहे." जन्मभर कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. असे किती अहवाल लिहिले असतील!

१५ मार्च

अर्ध्या पानानं ह्यांना घाम फोडलाय. मला वाटलं होतं, "प्रगती समाधानकारक" लिहून मोकळे होतील. पण हा माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावर ओकेचा शिक्का मारत नाही. नोकरीत वरच्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण केसाएवढा फरक असलेला पार्ट पुढे जाऊ दिला नाही. आता स्वतःचाच पार्ट हातात आलाय.

सकाळपासून मला प्रश्न. पहिल्यांदा फॉर्म कधी आणला होतास? आशय झाला त्या वर्षी की आधी? मग का भरला नाहीस? मी म्हटलं, सासूबाईंचा गुडघा. दुसऱ्यांदा? आशयची दहावी. तिसऱ्यांदा? तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, रिटायर झालो की बघू. हे ऐकून पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "असं म्हणालो होतो मी?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण ते इतके गोंधळलेले दिसले, की मी कॉफी करून दिली.

१९ मार्च, पाडवा

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही.

गुढी उभी राहिली, कडुलिंब-गूळ झाला. अण्णा, अक्का, त्यांची मंडळी आली. कोरमंगल्याहून आशय आणि सून शलाका आली. शलाका पुण्याची, तिला आमचं कानडी वळणाचं मराठी ऐकून अजून हसू येतं. पानं घ्यायची तेवढ्यात हे उभे राहिले. चष्मा लावला. मला वाटलं, माझ्या सांत्वनापुरतं काहीतरी गुळमुळीत वाचतील.

हे वाचायला लागले. "वचन — हेमलताला एम.ए. करू देणे. दिले माझ्या वडिलांनी, सोबत मी. आजवर आमच्याकडून झालेले काम — काही नाही. या वर्षी प्रवेश घेतला, फी भरली, अभ्यास केला. सर्व तिने. सध्याचा अडथळा — मुंज. तारीख ठरवताना परीक्षा माहीत होती का? होती. शेरा — नापास."

शेवटचा शब्द वाचून त्यांनी चष्मा काढला. मी पदर तोंडाला लावला. हसू येतंय की रडू, मलाच कळेना.

अण्णा लाल झाले. "भर सणाला मला कोर्टात उभं करतोस?"

"कोर्ट नाही अण्णा," हे म्हणाले. "यात कोर्टात जाताच येत नाही. नुसती माहिती आहे."

आशयला खोकला आला. शलाकानं विचारलं, "यावर चर्चा असते ना, आई?" मी तिला डोळ्यांनी दटावलं. अक्का ह्यांच्या हातातल्या कागदाकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, जेवायला बसा, होळगी गार होते. बसलो. अण्णांनी एकच होळगी, म्हणजे पुरणपोळी, घेतली! ते निदान चार तरी खातात. मुंजीची तारीख काही त्यांनी बदलली नाही.

२० मार्च

सकाळी ह्यांना म्हटलं, छान वाचलंत, पण पुढे काय? म्हणाले, अहवालात पुढचं नसतं. मी म्हटलं, मग माझं ऐका. मी परीक्षेला जाणार. आधी लगीन कोंढाण्याचं! मुंजीला घरची बाई तुम्ही व्हा.

"होतो," म्हणाले. बघू नाही म्हणाले!

४ एप्रिल

ह्यांचं ट्रेनिंग चालू आहे. मुंजीची परडी कुठे, समया कुठे, तांदळाची तबकं किती. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. मातृभोजन म्हणजे काय, मुलाची आई कुठे बसते, हे आता ह्यांना माझ्याहून नीट माहीत. हळदीकुंकवाला शलाका उभी राहणार. तिनं त्यासाठी नऊवारी शिकायची ठरवलीय, व्हिडिओ बघून. काल अर्ध्या तासानं खोलीतून हाक मारली, "आई, मला सोडवा!"

असाइनमेंटला अनुषा मॅडमनी वीसपैकी अठरा दिले. खाली लिहिलंय, अहवालाच्या मुद्द्यावर इतकं पोटतिडकीनं कुणी लिहिलं नव्हतं.

२६ एप्रिल

दिला! दिला! दिला!

सकाळी मांडवात सनई लागली होती आणि मी मागच्या दारानं, हातात पॅड. भट्टांनी पळत येऊन इडली बांधून दिली. ऑटोवाल्याला वाटलं मी मुंजीतून भांडून निघालेय. म्हटलं, परीक्षेला चाललेय. पठ्ठ्यानं असा हाणला ऑटो, की हॉल उघडायच्या आधीच मी दारात.

प्रश्न काय आला? — ज्या तत्त्वांची अंमलबजावणी कोर्टातून करून घेता येत नाही, ती घटनेत ठेवून उपयोग काय? पेपर हातात धरून मी खुदकन हसले. सुपरवायझरनी वळून बघितलं. मग लिहीत सुटले. पुरवण्या घेतल्या. लिहिलं की शब्द दिला की तो हवेत विरत नाही. देणारा विसरतो, पण ज्याला दिला तो विसरत नाही. एक दिवस तो विचारतोच, काय झालं त्याचं? तो दिवस यावा म्हणून लिहून ठेवायचं. हात दुखला, पण इतकं सुख मला कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

घरी आले तर पंगती उठल्या होत्या. हे ओसरीवर बसले होते, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर कुणीतरी चेष्टेनं लावलेलं कुंकू. काही चुकलं नाही म्हणाले. एक समई सापडली नाही, तेवढंच. अण्णा पलीकडे पान खात होते. माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "पेपर कसा गेला विचार तिला."

"बरा गेला," मी ह्यांनाच सांगितलं. अण्णांनी मान हलवली. चला, सुप्रीम कोर्टानं निदान दखल घेतली! अक्कांनी माझं पॅड उचलून घेतलं, चिमट्यातला पेपर उलटसुलट करून बघितला, आणि परत ठेवून दिला.

३ मे

दुपारी दार वाजलं. अक्का! एकट्या, दोन बस बदलून, अण्णांना न सांगता. पाणी दिलं ते घेतलं नाही. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं दहावीचं मार्ककार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "यावर पुढे काय करता येतं बघ," म्हणाल्या. मी ते हातात घेतलं. तेव्हा म्हणाल्या, "मामंजींनी मलाही तोच शब्द दिला होता, हेमा. तुझ्या आधी."