साहेब येणार म्हणून छत रंगवलं

४ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी आमच्या म्हाताऱ्यांच्या विरंगुळा केंद्रात गेले तर आमचे अध्यक्ष, अण्णा, दारातच उभे. तोंडभर हसू. सोमवारी बांधकामाचे साहेब येणार, छत बघायला! किती अर्ज केले, आता कुठं जाग आली. छत गळतंय, सळया दिसतायत, खेळताना कॅरमवर पोपडे पडतात. साहेबांनी दुरुस्ती लिहिली तर निभावलं. न्हाई तर पावसाळ्यात कुलूप, असं ऑफिसनं तोंडी सांगून ठेवलंय.

संध्याकाळी प्रदीपचा पुण्याहून फोन. "आई, कुलूप लागलं तर मग तरी येशील ना इकडं?" तेच तेच ऐकून डोकं फिरलं होतं. म्हणलं, "लागलं तर येते, जा!" झालं. त्यानं शब्द पकडून ठेवला. पुण्यात काय करू? आठव्या मजल्यावरनं गाड्या बघू? पोरगा अन् सून सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. ही जीभ एक दिवस घात करणार माझा.

६ फेब्रु., शुक्र.
मीटिंग. म्हणजे अण्णा बोलणार, आम्ही ऐकणार. "पाहुणे यायलेत अन् केंद्राची ही दशा? लोक काय म्हणतील?" सगळ्यांच्या माना हलल्या. माझी पण. शेखचाचांनी जन्मभर लोकांची घरं रंगवली, त्यांना स्फुरणच चढलं. मी नर्स म्हणून रिटायर झाले, तरी मला अजून सिस्टरच म्हणतात. "सिस्टर, फिकर नक्को. छत असं करतो, साहेब बघतच राहतील." पाली गावच्या गंगूबाई म्हणाल्या, मी शेण आणते, सारवू. म्हणलं, अहो, फरशी हाय इथं. तर म्हणे, दारापुढं तरी टाकू, बरं दिसतंय.

८, रविवार
दिवसभर काम. चाचांनी भेगांत पुट्टी भरली, वरनं पांढरा हात मारला. ओलीचे डाग गायब. जिथं सळया फारच दिसत होत्या तिथं ज्येष्ठ नागरिक दिनाचं जुनं फ्लेक्स ताणून बसवलं. अण्णा शिडी धरून खालनं सूचना देत होते, चाचा वरनं, "अण्णा, तू चूप बस बे!" शेवटी पुट्टीचा गोळा अण्णांच्या टकलावर. गंगूबाई हसून हसून खालीच बसल्या. लई दिवसांनी पोट दुखेस्तोवर हसले.

९, सोम.
साहेब आले. पोरगाच हाय, प्रदीपहून लहान. दारात ओवाळलं. फेटा, शाल, नारळ. पोहे, वरनं शेव. मग अण्णांचं भाषण. "साहेबांच्या कृपेनं आमाला इथं काही म्हणता काही कमी न्हाई!" टाळ्या कडकडल्या. मी पण वाजवल्या.

साहेबांनी मान वर करून बघितलं. "एकदम टकाटक ठेवलंय की! दुरुस्तीची गरजच दिसत नाही." तसा शेरा मारला अन् नारळ घेऊन गेले. गाडी वळेपर्यंत आम्ही हात हलवत होतो.

मग गंगूबाई म्हणाल्या, "मंग छत कवा करणार हायेत?"

अण्णा फरशीकडं बघायला लागले.

काय म्हणावं आम्हाला! आलेल्या माणसापुढं रडगाणं गाऊ नये, हे खरं. पण तो पाहुणा होता का? डॉक्टर होता. अन् आम्ही पेशंटला पावडर-कुंकू करून तपासायला नेलं. सगळी नोकरी वॉर्डात गेली माझी, तरी टाळ्या वाजवत बसले. आता दुरुस्ती न्हाई, म्हणजे पावसात गळणार, म्हणजे कुलूप. म्हणजे पुणे.

११, बुध.
अण्णा अन् मी ऑफिसात गेलतो. साहेब म्हणाले, "परवा तर तुम्हीच म्हणालात, काही कमी नाही." अण्णा म्हणाले, "साहेब, ते भाषण होतं." साहेब हसले. पण शेरा तो शेरा. आता डोळ्याला दिसण्यासारखं काही असेल तर कळवा म्हणाले. परत येताना अण्णांशी बोलले न्हाई. मग बसस्टँडवर त्यांनीच उसाचा रस पाजला. बोलले.

१३, शुक्र.
दुपारी छताचा ढपला पडला. धप्पकन्, कॅरमवरच. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेलते म्हणून वाचले, त्यांच्याच खुर्चीत विटेएवढा तुकडा.

साहेबांना फोन केला. सोमवारी येतो म्हणाले. सगळ्यांना बजावलं, कशाला हात लावायचा न्हाई. तोवर बसायचं ओट्यावर.

१५, रवि. महाशिवरात्र
गंगूबाईंना झाडूसकट पकडलं! "शिवरात्रीला असा पसारा? देव काय म्हणंल?" म्हणलं, देवाला म्हणावं, मंगळवारी ये. झाडू घरी घेऊन आले. ओट्यावर सगळ्यांनी मिळून साबुदाणा खाल्ला. चाचांनी दोनदा घेतला, वर म्हणे उपवास लई कडक असतो तुमचा.

१६, सोम.
साहेब आले. फेटा न्हाई, भाषण न्हाई. अण्णांना शप्पथ घातली होती, ते नुसते आवंढे गिळत बसले. चाचांना मात्र राहवलं न्हाई, चहा आणलाच.

साहेबांनी फ्लेक्स काढायला लावलं. काठीनं छत टोचलं तर पुट्टी भसाभसा त्यांच्याच डोक्यावर. आम्ही श्वास धरून. ते स्वतःच हसले, मग आम्ही.

मग गंभीर झाले. "हे धोक्याचं आहे. दुरुस्ती लिहू की बंद करा लिहू, मलाच कळेना." माझ्याकडं वळले. "आजी, तुम्ही खरं सांगा. इथं बसायची भीती नाही वाटत?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. न्हाई म्हणावं तर दुरुस्ती गेली, हो म्हणावं तर कुलूप. काय बोलावं सुचेना, म्हणून खरं तेच बोलले.

"वाटते की. पण घरी एकटी असते तवा जास्त वाटते."

साहेब खुर्ची ओढून बसले, चहा गार होईपर्यंत लिहीत राहिले. जाताना म्हणाले, वर पाठवतो, तिथनं काय येतं बघू.

संध्याकाळी प्रदीपचा फोन. "काय लिहिलं त्यांनी?" म्हणलं, माहीत न्हाई रे, पण लई वेळ लिहीत होते. मी काय बोलले, ते त्याला सांगितलं न्हाई.