चौथीचा बुद्धीचा तास

७ जुलै, सोमवार
संकल्प. आजपासून चौथीला रोज पाऊण तास 'बुद्धीचा तास'. कोडी, काड्यांचे खेळ, कागदाच्या घड्या, तर्क. हुशार मुलं वर्गात कंटाळून जातात हे प्रशिक्षणात ऐकलं आणि लगेच पटलं, कारण लहानपणी मीही फार कंटाळायचो. कारंजा तालुक्यात असं कोणी करत नाही. वर्षभरात वर्ध्याला तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून बोलावणं यायला हरकत नाही. मुख्याध्यापिका सुलोचना मॅडम म्हणाल्या, आधी पोषण आहाराचं रजिस्टर पूर्ण करा. दूरदृष्टी सगळ्यांकडे नसते.

८ जुलै
चाचणी. बारा मुलं, दहा कोडी, पाऊण तास. सुरभीनं नऊ मिनिटांत वही आणून दिली. दहाही बरोबर. दहावं तपासायला मला मधली सुट्टी पुरली नाही. आई रक्षाताई बसस्टँडजवळ भाजी विकतात, घरी चौथीच्या पुढे शिकलेलं कोणी नाही. म्हणजे श्रेय अध्यापनाचंच. (मी या वर्गाला आठ दिवस झाले शिकवतो.) वर्ध्याच्या गणित शिबिरासाठी तिचं नाव पाठवलं.

१० जुलै, गुरुवार
महिनाभर पुरतील अशी कोडी काढून ठेवली होती. सुरभीनं दोन दिवसांत संपवली. आता सकाळी फाटकापाशीच उभी राहते आणि विचारते, "अजून हाय का सर?" मागच्या दारानं वर्गात गेलो. घरी प्रेरणा म्हणाली, तिलाच नवीन कोडी बनवायला सांगा ना. बायकोनं डीएड केलेलं नाही, त्यामुळे तिला सगळं सोपं वाटतं.

१३ जुलै, रविवार
दिवसभर कोडी सोडवली. तीन सुटली, त्यातलं एक चहाच्या वेळी प्रेरणानं सोडवलं. मन एका जागी ठरत नाही. जेवताना पोळीचे आठ सारखे तुकडे तीन कापांत होतात का बघत होतो, भाजी गार झाली. उद्यापासून पहाटे पाचला उठून सराव.

१४ जुलै
सव्वासातला उठलो. शरीराला सवय लागायला वेळ लागतो.

१६ जुलै, बुधवार
आजचं कोडं मी स्वतः रचलं. वर्गातल्या बारा मुलांनी प्रत्येकाशी एकदा हात मिळवला, तर एकूण हस्तांदोलनं किती? प्रत्येकजण अकरा जणांशी. बारा अकरा एकशे बत्तीस. सुरभीनं ६६ लिहिलं. मी चूक दिली. ती वही घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, मी पियुषशी हात मिळवला, तं त्यानंबी माह्याशी मिळवलाच ना. मंग दोनदा काऊन मोजता?"
मी समजावलं की तिचा अनुभव वेगळा आणि पियुषचा वेगळा, म्हणून दोन.  तिनं खोडरबर मागितलं.
थोडी नम्रता शिकवायला हवी. हुशार मुलांचा हा दोष असतो.

१८ जुलै
फाटकापाशी कोणी नव्हतं. शांतता बरी वाटली. दिवसभर बरी वाटतेय का ते बघत होतो.

२४ जुलै, गुरुवार
केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले. मी तयारीत होतो. हस्तांदोलनाचं कोडं फळ्यावर लिहिलं आणि मुलांना प्रत्यक्ष हात मिळवायला लावलं. पियुष खडूनं रेघा मारत होता. रेघा भरल्या ६६. मी म्हटलं, घाईत निम्मे हात राहिले, पुन्हा करा. पुन्हा ६६. साहेब रुमालानं चष्मा पुसत होते.
मग त्यांनी विचारलं, ती शिबिराची मुलगी कोणती? सुरभी उभी राहिली. उत्तर सांग. ती म्हणाली, "एकशे बत्तीस."
साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि शिबिराच्या यादीतलं तिचं नाव खोडलं. मला म्हणाले, तुमची पद्धत चांगली आहे, मुलगी मात्र साधारण वाटते.
पद्धत चांगली आहे म्हणाले.

२५ जुलै
प्रेरणानं दोनदा विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. अंगणात फेऱ्या मारतोय. पचनासाठी.

२६ जुलै, शनिवार
सकाळची शाळा सुटल्यावर सुरभीला थांबवलं. माहीत होतं ना, मग १३२ का म्हणालीस? ती दप्तराचा पट्टा ओढत राहिली. मग म्हणाली, "तुमाले साहेब बोलले असते ना सर."
 जा म्हटलं.

२८ जुलै, सोमवार
साहेबांना पत्र. पहिला मसुदा: 'काही तांत्रिक कारणामुळे'. सुलोचना मॅडमनी सही न करता परत दिला. दुसरा: 'विद्यार्थिनीच्या अतिउत्साहामुळे'. तोही परत. म्हणाल्या, सर, चार ओळींत लिहा, कोण चुकलं ते. तिसरा तीन ओळींत झाला. उत्तर ६६ आहे. मुलीनं ते १६ तारखेलाच सांगितलं होतं. मी तिला चूक दिली आणि तिनं माझ्यासाठी खोटं उत्तर सांगितलं.
मॅडमनी सही केली. स्वतःच घेऊन गेलो, वाटेत दोनदा गाडी थांबवली. रस्ता खराब आहे.

३० जुलै
साहेबांचा फोन. पत्राबद्दल एक शब्द नाही. नाव परत घातलंय, वेळेवर पोचवा. सुरभीला सांगितलं. ती हसली नाही, पण मधल्या सुट्टीत टेबलावर एक चिठ्ठी ठेवून गेली. तिनं बनवलेलं कोडं. चिठ्ठी अजून उघडी ठेवली आहे समोर.

२ ऑगस्ट, शनिवार. वर्धा, दुपारी सव्वातीन
सुरभी आत शिबिरात. नोंदणी करताना मी पदनाम 'तज्ज्ञ शिक्षक' लिहिलं होतं. गळ्यातल्या बिल्ल्यावर 'पालक' छापून आलं. व्हरांड्यात बसवलंय, शेजारी सुरभीच्या आई रक्षाताई. वेळ जावा म्हणून पालकांनाही कोड्यांचा कागद दिला आहे. नऊ लाडू, एक हलका, तो शोधायला तराजू दोनदाच वापरायचा. हे शक्य नाही, छपाईत चूक आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीन-तीन टाका ना सर पारड्यात. एकेक काऊन तोलून राह्यले?" आणि पुढच्या कोड्याला लागल्या. तराजूची रोजची सवय, त्यांना सोपंच जाणार.
मला अजून पहिलंही सुटलेलं नाही. त्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा त्यांच्या कागदावरून पाच उत्तरं उतरवून घेतली. पावणेचार झाले. कागद गोळा करायला कोणी आलं नाही.