उत्तरेचा वारा आणि सुध्या

८ ऑक्टोबर
पाऊस जायचं नाव घेत नाही. दुपारी उकाडा, संध्याकाळी गडगडाट. वारा अजून नैर्ऋत्येचाच. असा असला की उत्तरेकडून निघालेले पक्षी वाटेतच कुठेतरी अडकतात. लालबागच्या आमच्या गच्चीवर नुसत्या घारी नि कावळे, आज कुठे पहिला धोबी पक्षी. सुध्याला फोन केला. त्याने लगेच विचारलं,
"काय आलं का रे?"
"धोबी. टाकीजवळ शेपटी हलवत होता."
"एकच?" मग फोनवर नुसती त्याची धाप.

१५ ऑक्टो.
परळला, सुध्याकडे. फुप्फुसं कडक होत चाललीत, औषधाने फक्त वेग कमी होतो, असं डॉ. म्हणतात. नाकात नळी, पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरतं. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, मी पोस्टात होतो. सुट्टी मिळाली की दोघं पक्षी बघायला शिवडीच्या चिखलावर, लग्नाआधीपासून. आता जिना उतरवत नाही त्याला. म्हणतो, "एकदा ने रे. पाणटिवळे आले की." चिखलात लांब चोच खुपसणारे ते पक्षी त्याचे खास लाडके. रेखावहिनी ओट्याशी होत्या. पातेलं आपटलं.

२२ ऑक्टो.
पाऊस गेला, वाराही गेला. हवा साचलीय. बांधकामांची धूळ, धूर, जिभेवर कडू चव. सुध्याचा ऑक्सिजन वाढवला. उत्तरेचा वारा सुटला तर हवा मोकळी होईल, पक्षीही येतील. त्याला दोन्ही हवंय.
वहिनींचा फोन. "भावोजी, न्यायचंच तर दिवस तुम्ही सांगा. वाऱ्याचं तुम्हाला कळतं. मी नाही अडवणार."
हे माझ्या गळ्यात नको होतं. नाही म्हणता आलं नाही.

२ नोव्हें.
फटाके. वहिनींनी खिडक्या लावून फटींत ओले टॉवेल कोंबलेत. सुध्या उशांना टेकून बसलेला, आडवा झाला की गुदमरतो. लिहवत नाही.

६ नोव्हें.
सकाळी गच्चीवर मानेला गार लागलं. ईशान्येचा! तसाच शिवडीला गेलो. भरती चढत होती आणि पाण्याबरोबर सरकत पाणटिवळे पार जेट्टीपर्यंत आलेले. पलीकडचा पूल लख्ख. वहिनींना सांगितलं, उद्या.

७ नोव्हें.
शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. टॅक्सी, छोटा सिलिंडर, बरोबर वहिनी. जेट्टीवर पोचलो तर वारा पडलेला. पूल धुरकटात गायब. थवा लांब, नुसते करडे ठिपके. दुर्बीण त्याला पेलेना म्हणून मी धरली.
"दिसतात?"
"हो."
मला नाही वाटत दिसले. मग खोकला. थांबेचना. ओठ निळे.
"चला! आत्ताच्या आत्ता चला!" वहिनी.
घरी नाही नेलं. सरळ हॉस्पिटल.

१० नोव्हें.
आयसीयू. वहिनी बाहेर बाकावर. मी म्हटलं, "दिवस मी सांगितला."
"नेलं आपण दोघांनी," म्हणाल्या आणि डबा उघडून माझ्यापुढे केला. भाकरीचा तुकडा मोडून हातातच धरला. शिव्या दिल्या असत्या तर...
आत थोडा वेळ सोडलं. मास्कखालून त्याने विचारलं, "कुरव?"
"आले. दादर चौपाटीवर, थवेच्या थवे."
दादरला मी गेलोच नव्हतो.

१४ नोव्हें.
डॉ. म्हणतात, इथे आता करण्यासारखं फार उरलं नाही, घरी ठेवलंत तरी चालेल. पण हवा अशीच राहिली तर घरी त्याला फार त्रास होईल, हेही म्हणाले. दुपारी हॉस्पिटलमधून वहिनींचा फोन.
"हे सारखं घर, घर म्हणतायत. संध्याकाळपर्यंत सांगायचंय डॉक्टरांना." मग हळूच, "भावोजी, बाहेर हवा कशी आहे?"
फोन कानाशी धरूनच गच्चीवर आलो. कुणाचे तरी कपडे वाळत होते. एकही हलत नव्हता.
"भावोजी?"
"बघून सांगतो," म्हटलं.
अजून सांगितलेलं नाही.