पाण्यातले देव

ता. १४, मंगळवार, दुपारची सुट्टी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आईला आणि दादाला नमस्कार, तुझ्या पोरीला एक टपली. मी बरा आहे. हे काम टिकलंय, म्हणजे तीन महिने तरी. तसबिरींच्या दुकानात काचा कापतो. नुसती रेघ ओढायची, खालून हलकेच ठोकायचं, काच आपणहून दुभंगते. जोर केला की बोटं जातात. माझी दोन गेली, म्हणजे कापली, आहेत जागेवर. मालक म्हणतो, "तुझं लक्ष काचेत नसतं, पलीकडे असतं." असो. सांगायचं होतं वेगळंच.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आईनं देव पाण्यात घातलेत, मनात धरलेलं पुरं होईपर्यंत काढणार नाही, आणि काय धरलंय ते सांगत नाही. तुलाही सांगत नाही, की तू मला सांगत नाहीस? मी घरी यावं म्हणून तुमची ही युक्ती तर नाही? एकवीस दिवस म्हणजे फार झाले. देवांना पडसं होईल.

आणि पातेल्यात देव किती आहेत? तू 'सगळे' लिहिलंयस. मोजलेस का?

शेवटी कोपऱ्यात एवढंसं लिहिलंयस, 'भांडीवाल्या मावशींना दादानं यायला नको म्हणून सांगितलं.' का, ते नाही लिहिलंस. तू उगाच एवढं बारीक अक्षर काढत नाहीस. बारा वर्षं मावशी पूजेची भांडी घासतायत. पाय धुतल्याशिवाय देवघराच्या उंबऱ्यालाही शिवल्या नाहीत.

इथे खोलीत माझ्याबरोबर एक सुतार राहतो. भारी संशयी माणूस. मी रोज सकाळी वाटीत काहीतरी धुतो, फडक्यात गुंडाळून ठेवतो, हे त्यानं पाहिलं.

"सोनं आहे काय रे?"

"नाही."

"मग रोज आंघोळ कशाला घालतोस?"

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या पेटीचं कुलूप बदललं. मग मलाही त्याचा संशय यायला लागला. आता कामावर जाताना ते खिशात घालून नेतो.

कळलं ना, ताई?

बाळकृष्ण माझ्याकडे आहे. निघालो त्या सकाळी आई फुलं काढायला गेली होती, तेव्हा तामणातून उचलला. विकायला नाही, एवढ्याशा पितळेला कोण विचारतं. मी सात वर्षांचा असल्यापासून त्याची आंघोळ माझ्याकडे होती. आई म्हणायची, तुझी बोटं बारीक, गुडघ्यामागचा मळ तुलाच निघतो. मला वाटलं, या घरात माझं म्हणून एवढंच आहे. तो आईनं लग्नात माहेराहून आणलेला, हे तेव्हा आठवलं नाही. खोटं. आठवलं होतं. बिस्किटाचा नैवेद्य दाखवतो आणि मीच खातो.

तुझ्या पार्सलातला स्वेटर काल घातला. डाव्या खिशात कापसाचं वस्त्र निघालं, कुंकवाचं बोट लावलेलं, इतकं लहान की माझ्या अंगठ्यालाही पुरणार नाही. आधी तुझाच संशय आला. पण तुझे कापसाचे मणी कधी एकसारखे येत नाहीत. असे एकसारखे येतात ते आईचेच.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी दादानं मावशींवर आळ घेतला तेव्हा ती गप्प बसली. तोंड उघडलं असतं तर पोराला चोर म्हणावं लागलं असतं. मी यावं म्हणून नाही घातले तिनं देव पाण्यात. मी बोलावं म्हणून घातलेत.

मावशींना घरी बोलाव आणि हे पत्र त्यांच्यासमोर दादाला वाचून दाखव. काही गाळू नकोस, बिस्किटाचंही. दादा चिडेल, चिडू दे. मी पुढच्या सोमवारी निघतो. आधीही निघता आलं असतं, पण पत्र माझ्या आधी पोचलेलं बरं. समोर उभा राहिलो तर मी पुन्हा काचा कशा कापतात तेच सांगत बसेन. मावशींच्या पाया मात्र मीच पडेन, ते पत्रातून होत नाही.

पातेल्यातलं पाणी तेवढं बदलत राहा. आईला सांग, एवढ्यात देव काढू नकोस, एक अजून पाण्यात उतरायचाय.

वस्त्र त्याला घातलं. बरोबर बसलं.

मावशींनी नाही, ज्यानं नेला तो,
तुझा धाकटा