हळद जागेवरच राहायला पाहिजे होती

जवळा बाजार (ता. औंढा)
सोमवार. पेपरला बारा दिवस बाकी.

आदरणीय विजयकुमार पाव्हणे यांस,

तुमचा मेव्हणा माणिकराव याचा दोन्ही हात जोडून रामराम. (दोन्ही म्हणायची पद्धत म्हणून म्हणलं. डावा हात सध्या गळ्यात बांधलेला हाय, त्याचं कारण पुढं येईल.) इकडं सगळं खुशाल. तुमच्या गुडघ्याची तकलीफ कशी हाय? वैनींची साखर उतरली का? तुमी तीस वर्षं वसमतच्या शाळेत विज्ञान शिकवून राहिलात, हजारो लेकरं मार्गाला लावलीत. आता एकच लेकरू बाकी हाय, वय एकावन्न, मिशा पांढऱ्या. त्याच्यापायीच हे पत्र लिहून राहिलो.

तुमी म्हणाल, फोन काहून केला न्हाई? आमच्या घरात रेंज एकाच ठिकाणी येते, चुलीच्या बाजूच्या कोनाड्यापाशी, आन् तिथं तुमची बहीण बसलेली असते. मला जे बोलायचं ते तिच्या कानावर जायला नको. म्हणून कागद घेतला. लिहून झालं की पत्र विज्ञानाच्या पुस्तकात लपवून ठेवणार हाय. त्याच्याइतकी सुरक्षित जागा या घरात दुसरी न्हाई, कारण तुमच्या बहिणीचं, मनकर्णाचं, त्या पुस्तकाशी काम संपलं, आन् माझं अजून सुरूच झालं न्हाई. बुधवारी वसराम (आमचा शेजारी, ट्रॅक्टरवाला) वसमतला येणार हाय, त्याच्या हाती देतो. तो सध्या माझ्यावर नाराज हाय, पण तुमच्यावर न्हाई.

तुमाला ठाऊकच हाय, औंदा बचत गटाच्या बायकांनी मनकर्णाला पुढं केलं. गटाच्या कामाला दहावी पास बाई पाहिजे होती. तिची शाळा आठवीत सुटलेली. (तुमी पुढं शिकायला वसमतला गेलात, ती गावात राहिली. टोमणा न्हाई हा, आपलं सांगितलं.) तिनं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, आन् मला धडकी भरली. मी नव्वद साली विज्ञानात उडालेला माणूस. बायको पास आन् नवरा नापास, हे गावात कसं दिसंल? म्हणून मीबी फॉर्म भरला, आन् टपरीवर सांगून टाकलं की तिला संगत म्हणून बसून राहिलो. वर घरी येऊन तिला उपदेश केला. बल म्हंजे ताकत, गती म्हंजे पळणं, यात शिकण्यासारखं काय हाय? आमी जिंदगी बैलगाडी हाकण्यात घातली. हे गड्यामाणसाचं काम हाय, तुला जमलं न्हाई तर वाईट वाटून घेऊ नको, असं मी बोललो. हे वाक्य मी बोललो हे मला आज मान्य हाय. तवा ते फार मोठेपणाचं वाटलं होतं.

निकाल लागला. बाकी विषयांत दोघंबी पास. विज्ञानात तिला एकाहत्तर, मला एकोणीस. गटाच्या बायकांनी ग्रामपंचायतीत तिचा सत्कार ठेवला, आन् मी पोटात दुखतं म्हणून घरी पडून राहिलो. खोटं न्हाई, दुखतच होतं, फक्त डॉक्टरकडं नेण्यासारखं न्हवतं. ती शाल-नारळ घेऊन आली. मी डोळे मिटून होतो. तिनं शाल घडी करून पेटीत ठेवली, मला दाखवलीसुद्धा न्हाई. पाव्हणे, माणसानं एकोणीस मार्क घेतले तर चालतं, पण त्या दिवशी मी जे केलं ते चालत न्हाई. तवाच ठरवलं, पुरवणी परीक्षेत पास व्हायचं, आन् मग मान वर करून तिच्यासमोर जायचं.

माझी उत्तरं तुमाला सांगतो, तुमीच बघा. ‘धावती बस अचानक थांबली तर प्रवासी पुढे का झुकतात?’ मी लिहिलं, उतरायची घाई असते म्हणून. (जवळा बाजारच्या स्टँडावर उभं राहून बघा, दुसरं काही कारण दिसतं का.) ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात हे उदाहरणासह स्पष्ट करा.’ मी लिहिलं, मी घरात एक शब्द बोललो तर चार परत येतात, म्हणून हा नियम आमच्या भागात लागू न्हाई. आन् एक होता, माणूस एक किलोमीटर चालत बाजारात गेला, त्याच वाटेनं घरी आला, तर त्याचं विस्थापन किती? बिचारा दोन किलोमीटर पायपीट करून आला आन् उत्तर म्हणे शून्य! त्या माणसाच्या वतीनं मला राग आला. तुमच्या बहिणीनं भाकरी थापत सांगितलं की अंतर वेगळं, विस्थापन वेगळं. निघालो तिथून शेवटी किती सरकलो, ते विस्थापन. वर मला म्हणाली, तुमी सकाळी टपरीवर जाता आन् दुपारी जेवायला परत येता, तेबी शून्यच. मी त्या दिवशी टपरीवर गेलो न्हाई.

वाचून डोक्यात जात न्हाई तर प्रयोग करून घालावं, असं मग मनात आलं. पुस्तकात एक सोपा प्रयोग हाय. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं, पुठ्ठ्याला जोरात टिचकी. पुठ्ठा उडतो आन् नाणं जागच्या जागी पेल्यात पडतं, कारण स्थिर वस्तूला स्थिरच राहायचं असतं. त्याला जडत्व म्हणतात. पाव्हणे, जमलं! एका झटक्यात जमलं. मी इतका खुश झालो की त्याच पेल्यात चहा घेतला, नाणं काढायचं राहून गेलं. तिथंच थांबलो असतो तर आज दोन्ही हातांनी रामराम केला असता.

गुरुवारची गोष्ट. औंदा आमची हळद मागं राहिलेली, शिजवून अंगणात वाळत घातलेली. सहा पोत्यांची हळकुंडं, आन् खाली वसरामची ताडपत्री. आभाळ भरून आलं तसा वसराम ट्रॅक्टर घेऊन दारात हजर, त्याला त्याचा कडबा झाकायचा होता. मनकर्णा म्हणाली, अर्ध्या तासाचं काम हाय, घमेल्यानं पोत्यांत भरू आन् ताडपत्री मोकळी करून देऊ. ती पोती आणायला आत गेली. आन् मी अंगणाकडं बघितलं. ताडपत्री म्हंजे पुठ्ठा. हळद म्हंजे नाणं. ट्रॅक्टर म्हंजे टिचकी. ताडपत्री सपकन खालून निघंल, हळद सारवलेल्या अंगणात जागच्या जागी राहील, पोती नको, घमेली नको. मी वसरामला विचारलं, तुला जडत्व ठाऊक हाय का? त्यानं न्हाई म्हणून मान हलवली, आन् तिथंच बिचारा चुकला, कारण मला समजावून सांगायला जागा मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी विज्ञान शिकवून राहिलो होतो. तो ताडपत्री फाटंल, ताडपत्री फाटंल म्हणत राहिला, मी दोर बांधत राहिलो.

ट्रॅक्टरवर मीच बसलो. दुसरा गेर टाकला आन् क्लच एकदम सोडला. ट्रॅक्टर पुढं गेला आन् मी जागेवर राहिलो, म्हंजे मागं कलंडलो. स्टेरिंग हातात होतं म्हणून वाचलो. हळदीत यायला पाहिजे होतं ते सगळं जडत्व माझ्यात आलं. हळद मात्र ताडपत्रीवर ऐसपैस बसून माझ्या मागून येऊन राहिली, वरातीत बसल्यासारखी. अंगण गेलं, फाटक गेलं, गल्ली लागली. मग ताडपत्रीचा एक कोपरा फाटला आन् मारुतीच्या पारापर्यंत पिवळी रेघ पडत गेली. मी उभा राहून मागं बघत ‘थांब, थांब’ म्हणून ओरडत होतो. हे मी हळदीला सांगून राहिलो होतो. ब्रेक दाबायचा हे डोक्यातच आलं न्हाई. शेवटी पाराच्या पलीकडचा उकिरडा मदतीला आला, ट्रॅक्टर त्यात घुसून थांबला. मी थांबलो न्हाई. बस थांबल्यावर प्रवासी पुढे का झुकतात, हे मला हवेत असताना समजलं. देवाशपथ सांगतो पाव्हणे, उतरायची घाई मला अजिबात न्हवती.

मनगट मुरगळलं, हाड शाबूत हाय. कमरेपर्यंत रुतलेला मी उकिरड्यातून बाहेर आलो तर समोर मनकर्णा, खांद्यावर सहा रिकामी पोती. ओरडंल असं वाटलं, पण ओरडली न्हाई, आन् मला जास्तच भ्या वाटलं. खाली बसून हळकुंडं वेचायला लागली. गटाच्या बायका धावत आल्या. त्यांतली पंचफुलाबाई म्हणाली, लगीन कुणाचं हाय गं, सगळ्या गल्लीला हळद लागली! अख्खी गल्ली हसली. मीबी हसलो, कारण रडताना बघायला तिथं फार माणसं होती.

मग मीबी एका हातानं वेचायला बसलो. तवा मनकर्णा माझ्याकडं न बघता, हातातल्या हळकुंडाकडं बघून बोलली. नाणं गुळगुळीत, पुठ्ठा गुळगुळीत. हळकुंड खडबडीत, वरून सहा पोत्यांचा भार, तवा ताडपत्री त्याला धरून ठेवणारच. त्याला घर्षण म्हणतात. आन् टिचकीनं पुठ्ठा डोळ्याचं पातं लवायच्या आत निघतो. ताडपत्री एवढी लांब, ती निघेपर्यंत हळदीला सोबत जायला वेळच वेळ. बस्स, एवढंच बोलली. पाव्हणे, पस्तीस वर्षांत जे कुणाला माझ्या डोक्यात घालता आलं न्हाई, ते तिनं चार मुठी हळद वेचेपर्यंत घातलं. ही बाई आठवीत शाळा सोडून, माझ्या घरात भाकरी थापत, हे शिकली तरी कुठून? मला म्हणायचं होतं, अजून एकदा सांग. तोंडातून निघालं, ‘ठाऊक हाय मला.’ तेव्हापासून तिनं विज्ञानाचा शब्द काढला न्हाई. बारा दिवस राहिलेत आन् मला गतीचे नियम येत न्हाईत. चांगलं गाईड असंल तर वसरामच्या हाती धाडा, एवढीच विनंती. वैनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा स्थिर मेव्हणा,
माणिकराव

ता. क. १ : गाईड धाडू नका. घरात तीन हायेत. खरं लिहायची हिंमत आता आली, पानाच्या तळाशी. स्थिर वस्तू आपणहून हलत न्हाई, तिला बाहेरून बल लागतं, एवढा एक नियम मला पक्का समजला, कारण ती वस्तू मीच हाय. तर बाहेरून बल तुमी लावा. बहिणीला फोन करा आन् सांगा, माणिकरावांना शिकव. मी सांगितलं हे कळू देऊ नका. ती माझ्यापासून आठ पावलांवर बसली हाय. पत्र वसमतला जाईल, तुमचा फोन इथं येईल, एवढं मोठं अंतर, आन् विस्थापन आठ पावलं. बघा, हे बराबर आलं का?

ता. क. २ : दादा, मी मनकर्णा. विस्थापन बराबर आलं. यांच्यासाठी महत्त्वाच्या प्रश्नांवर खुणा करायला पुस्तक उघडलं तर हे पत्र निघालं. चार दिवसांपासून खुणा करून राहिले, पण हे पुस्तक उघडतच न्हाईत तर दिसतील कशा? तू फोन करू नको. यांच्या तोंडानंच ऐकायचं हाय मला. आन् मी कुठून शिकले ते सांगते. माझं आठवीचं विज्ञानाचं पुस्तक मी लग्नात पेटीत घालून आणलं होतं. पहिल्या दिवाळीला यांनी पानं फाडून फळीवर डब्यांखाली अंथरली. मी घरात नवीन होते, काही बोलले न्हाई. पुसायच्या निमित्तानं डबा सरकवायचा आन् खालचं वाचायचं. तिखटाच्या डब्याखाली घर्षण होतं, साखरेच्या डब्याखाली वेग. ती पानं कधीच विरली, पण मला पाठ हायेत. खालच्या खणात हळदीचा मोठा डबा हाय, तो एकटीला कधी सरकला न्हाई. यांना हाक मारली की ‘आलो’ म्हणायचे. त्याच्याखाली काय होतं ते मला अजून ठाऊक न्हाई.

ता. क. ३ : पाव्हणे, पत्र घ्यायला पुस्तक उघडलं आन् वरचं वाचलं. खुणाबी बघितल्या, प्रत्येक पानावर हायेत. मग आत जाऊन म्हणलं, सत्काराला आलो न्हाई, चुकलं माझं. मला शिकव. ती म्हणाली, आधी डबा धरा. माझा एक हात, तिचे दोन. पहिल्यांदा मी माझ्याकडं ओढला, तिनं तिच्याकडं, तर जागचा हलला न्हाई. मग तिनं सांगितलं तसं दोघांनी एकाच बाजूला जोर लावला. खाली पान हाय, संतुलित आन् असंतुलित बलाचं. पिवळं पडलंय, पण वाचता येतं. कडेला शाईनं तिचं नाव लिहिलेलं हाय, वळणदार, आठवीतल्या पोरीच्या अक्षरात. तिनं पुढं होऊन मोठ्यानं वाचायला घेतलंय, म्हणून इथंच थांबतो. फोन आला तरी उचलणार न्हाई, कोनाड्यापाशी आमी दोघं अभ्यासाला बसलेलो असू.