स्वच्छतागृहास साबणवाल्या बाईंचे नाव देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
शासकीय कलासंग्रहालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : नागरिक देणगी योजनेखाली तळमजल्यावरील महिला स्वच्छतागृहासाठी देणगी देऊन त्यास नाव देण्याबाबत.

संदर्भ : १) योजनेचे माहितीपत्रक, नियम चार व नऊ.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांना उत्तर नाही.
३) आपल्या शिपायाने तोंडी दिलेले उत्तर : साहेब मीटिंगमध्ये आहेत.

महोदय,

१. अर्जदार ही शिवणकाम करणारी बाई असून आपल्या संग्रहातील ‘इस्त्री’ या मोठ्या तैलचित्राच्या दिवंगत चित्रकर्तीची सख्खी धाकटी बहीण आहे. चित्रात लाँड्रीच्या टेबलाशी वाकून इस्त्री फिरवणारी बाई ही दोघींची आई होय. मागे घडीच्या चादरींवर तोंड उघडे टाकून झोपलेली मुलगी ही अर्जदार स्वतः होय. तोंड मिटलेले काढ, म्हणून अर्जदाराने पुढे ताईच्या पुष्कळ विनवण्या केल्या, पण ती कधी कोणाचे ऐकणारी नव्हती.

२. सदर चित्र ताईने संग्रहालयास फुकट दिले. मोठ्या खिडक्यांच्या दालनात ते राहील, एवढाच तिने शब्द घेतला होता आणि तो त्या वेळच्या संचालकांनी पाळला. पुढे शासनाने हात आखडता घेतला. पगार आणि वीजबिल शासन देणार, बाकीचे तुम्ही लोकांकडून उभे करा, लोक जेवढे देतील तेवढीच भर आम्ही घालू, असे ठरले. यात अर्जदारास काहीच गैर वाटत नाही. छप्पर गळत होते, मूर्तींच्या मधोमध बादल्या मांडलेल्या तिने डोळ्यांनी पाहिल्या आहेत. अशा वेळी साबणाच्या कारखान्याच्या मालकीण, म्हणजे साबणवाल्या बाई, धावून आल्या. (त्यांचे पूर्ण नाव दालनावर, कोनशिलेवर, पावतीपुस्तकावर आणि थंड पाण्याच्या यंत्रावर असल्याने येथे पुन्हा लिहीत नाही.) बाईंनी छप्पर केले, शासनाने तेवढीच भर घातली. तेव्हा अर्जदाराने बाईंना मनापासून दुवा दिला होता. तो या अर्जाद्वारे परत घेण्यात येत आहे.

३. कारण छपरापाठोपाठ दालनाला बाईंचे नाव लागले आणि नावापाठोपाठ भिंतींवर बाईंनी स्वहस्ते रंगवलेले गुलाब आले. ‘इस्त्री’ हे चित्र कळकट आहे, गुलाबांच्या शेजारी डोळ्यांत खुपते, असे बाई म्हणाल्या आणि आपण मान डोलावली. चित्र तळमजल्यावरील बोळात, महिला स्वच्छतागृहाच्या दारालगत टांगले गेले. हे तात्पुरते आहे, मावशी, असे आपण अर्जदारास म्हणाला होता. त्यानंतर बोळातला दिवासुद्धा गेला, तो मात्र कायमचा.

४. अर्जदार रोज येऊन त्या चित्रासमोर स्टुलावर बसते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिला नळाला पाणी आहे का विचारतात. परवा एकीने जाताना तिच्या हातावर सुटे पैसे ठेवले. अर्जदाराने ते मुकाट्याने घेतले असून सोबतच्या देणगीत ते जमा धरले आहेत.

५. अर्जदाराची दृष्टी अधू होत चालली आहे. डॉक्टरांच्या मते ती परत येणार नाही, मात्र भरपूर उजेड असेल तर आणखी काही काळ दिसत राहील. खिडक्यांच्या दालनात तिला आईच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसत असे. आईचा एकही फोटो घरात नाही. बोळात आता फक्त काळा चौकोन दिसतो. म्हणून तिने आधीच्या अर्जांत दालनाचा एक कोपरा मागितला होता, तोही डोळे आहेत तोवरच. आपण त्या अर्जांवर पेपरवेट ठेवले. तेव्हा अर्जदाराने विनवण्या करणे सोडले असून माहितीपत्रक वाचावयास घेतले आहे, शेजारणीकडून, मोठ्याने.

६. नियम चार म्हणतो की, देणगीदारास वास्तूच्या कोणत्याही भागास स्वतःचे किंवा सन्मानार्थ दुसऱ्याचे नाव देता येईल. पत्रक लिहिणाऱ्याने स्वच्छतागृह वगळलेले नाही, ही चूक अर्जदाराची नव्हे. नियम नऊ म्हणतो की, कोणाही नागरिकाची देणगी नाकारल्यास त्याची चौकशी पूर्ण होईपर्यंत शासनाची भर थांबेल. सन्मान होणाऱ्या व्यक्तीची संमती लागते, असे कोठेही लिहिलेले नाही. खुद्द बाईंनी मधला जिना आपल्या सासूबाईंच्या नावे केला, तेव्हा सासूबाईंना विचारल्याचे ऐकिवात नाही. त्या हयात असून त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत.

७. सबब अर्जदाराने आपले शिलाई मशीन विकून नियमात बसेल एवढी रक्कम उभी केली आहे. महिला स्वच्छतागृहास साबणवाल्या बाईंचे पूर्ण नाव, ‘यांच्या कलाप्रेमाच्या सन्मानार्थ’ या शब्दांसह देण्यात यावे. उद्घाटन बाईंच्याच हस्ते, फीत कापून, आपल्या अध्यक्षतेखाली व्हावे. दालनाच्या वेळी आपण केलेले भाषण पुन्हा केले तरी चालेल, त्यात कुठल्या दालनाबद्दल बोलताहात ते एकदाही आले नव्हते. वर्तमानपत्रवाल्यांना बोलावण्याचे काम अर्जदाराने स्वतःकडे घेतले आहे, आपण तसदी घेऊ नये.

८. हा अर्ज वाचल्यावर चित्र घाईघाईने परत दालनात नेण्याची बुद्धी आपणास होईल, याची अर्जदारास कल्पना आहे. जरूर न्यावे. अर्जदार येऊन डोळे भरून पाहील आणि आपले आभारही मानील. अर्ज मात्र मागे घेतला जाणार नाही. तीन पावसाळे ताईचे चित्र संडासाच्या दारात होते, तेव्हा बाईंचे नावही तेथे राहील. ताई असती तर तिने हे सोडून दिले असते. अर्जदार तिच्याएवढी मोठ्या मनाची कधीच नव्हती.

९. शेवटची विनंती पाटीबाबत. पाटी पितळी असावी आणि हात पोहोचेल अशा उंचीवर लावावी. अक्षरे रंगवलेली नकोत, चांगली ठसठशीत उठावाची असावीत. अर्जदाराने आयुष्यभर शिवण बोटांनी पारखली आहे. डोळे गेल्यावर चित्र तिला कोठेच दिसणार नाही, दालनात नाही आणि बोळातही नाही, पण पाटी रोज येऊन वाचता येईल.

निर्णय लेखी कळवावा. अक्षर मोठे काढावे.

आजवर नम्र असलेली,
अर्जदार
(सही ओळीच्या खाली गेली असल्यास ग्राह्य धरावी)

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत :
१) देणगीचा धनाकर्ष व सुटे पैसे, पाकिटात.
२) नेत्रतज्ज्ञांचा दाखला.
३) मापाची टेप, पाटीचे माप घेण्यासाठी. काम झाल्यावर परत पाठवू नये.